द्वारकाबाईचं बोट

सांडू सुताराला कमी ऐकू येतं, हे बजाजनगरातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त सांडूला ते मान्य नव्हतं. मागून हाक आली आणि वळायचं राहिलं, तर तो म्हणायचा, "कामात ध्यान होतं." हातात काम नसलं तरी हेच म्हणायचा.

तो मूळचा खुलताबादच्या घाटाखालचा. गावात सुताराचं एकच घर, ते त्याचं. तिफण भरावी सांडूनं, गाडीचं चाक जोडावं सांडूनं, बाळाचा पाळणा करावा सांडूनं. पण त्याच्या हातातली खरी विद्या जाळीची. सागाच्या फळीला बारीक भोक पाडायचं, त्यातून केसाएवढं पातं ओवायचं आणि हातकरवतीनं फळीतून फुलं मोकळी करत जायचं. वेरूळच्या अंगाला कुणी नवं घर बांधलं की देव्हाऱ्यासाठी माणूस सांडूच्या दारात यायचा. सांडू काम सुरू करण्याआधी अंगठ्याच्या नखानं पातं छेडून बघायचा. चुलीपुढं बसलेली त्याची बायको द्वारकाबाई तिथूनच सांगायची, "ढिलं हाय." आणि ते ढिलंच असायचं.

मग तो दुष्काळ आला. विहिरींच्या तळाशी गाळाच्या पापड्या धरल्या. चारा संपला तसे बैल बाजाराला गेले, आणि बैल गेल्यावर तिफण कुणाला लागते? बांधावरच्या बाभळी विकल्या गेल्या, त्याही बाहेरची माणसं यंत्र आणून तोडून घेऊन गेली. सांडूच्या किकऱ्याला, पटाशीला गंज चढायला लागला. एका सकाळी टेम्पोत पेट्या, हत्यारं आणि जात्याच्या तळ्या चढल्या. द्वारकाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. तिच्या मांडीवर लाल कापडाचं गाठोडं होतं, आणि त्यात घरातले देव होते.

वाळूजच्या कारखान्यात सांडूला प्रेसवर काम मिळालं. पत्रा आत सरकवायचा, प्रेस खाली येणार, धाड. पुन्हा पत्रा, पुन्हा धाड. कानात घालायला रबरी बोळे दिले होते. सांडूनं ते खिशात ठेवले आणि खिशातच राहू दिले. सुतार लाकूड कानानं ओळखतो. करवत कुठं अडली, रंधा कुठं उलटा गेला, फळी आतून पोकळ आहे का, हे त्याला आवाज सांगतो. कान बुजवून काम करायचं, हे त्याला डोळे बांधून चालण्यासारखं वाटलं. म्हणून त्यानं प्रेसही उघड्या कानांनी चालवली, वर्षानुवर्षं. जाडे आवाज शिल्लक राहिले, बारीक आवाज एकेक करून गेले. कुकरची शिट्टी गेली, चिमण्या गेल्या. गेले तेही कळलं नाही, कारण न आलेला आवाज कुणाला कळतो?

इकडं शहर वाळूजच्या अंगावर सरकत येत होतं. काल जिथं ज्वारीची धसकटं होती, तिथं आज चार मजले उभे राहत. पाणी टँकरनं यायचं, तरी घरं वाढतच होती. प्रत्येक घरात देव्हारा, आणि तो दुकानातून आणलेला, भुशाच्या फळीचा, वरून सोनेरी रंग मारलेला. सांडूचे देव मात्र अजून स्वयंपाकाच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी, त्याच लाल कापडात होते. गावाकडं त्यांना भिंतीत देवळी होती. इथली भिंत घरमालकाची.

"देव भाड्यानं राहतेत," द्वारकाबाई म्हणायची. "आपून ऱ्हायलो तर चालंल. पर त्यांला एक दार तरी पायजे का नाय? दुनियेचे देव्हारे केले तुमी."

"करू की," सांडू म्हणायचा. "शिफ्ट तर संपू दे."

शिफ्ट संपायच्या आत तिचं दुखणं आलं. पोटात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यात राहून, सलाइनच्या बाटल्या बघून झाल्यावर एका सकाळी डॉक्टरनं त्यांच्या मुलाला, सत्यमला, बाजूला घेतलं आणि आता आईला घरी ने, खायचं ते खाऊ दे, असं सांगितलं. सत्यमनं हे घरी सांगितलं नाही. पण द्वारकाबाईनं त्याचं तोंड बघितलं आणि त्या दिवसापासून देव्हाऱ्याचा विषय रोज काढायला लागली. सांडूनं कारखाना सोडला. गावाकडून आणलेली सागाची फळी पलंगाखालून काढली.

पण खांदा उठेना. हातकरवतीची जाळी म्हणजे सगळा जोर खांद्यावर. एका फुलात त्याचा हात लुळा पडला. तेव्हा सत्यम म्हणाला, "नाना, मशीन घेऊ. लाकूड नुसतं फिरवायचं, पातं आपोआप खाली-वर व्हतं."

दुकानदार तिला स्क्रोल सॉ म्हणायचा. सांडूनं तिचं नाव जाळीची मशीन ठेवलं. लोखंडी बैठक, वर पाटासारखं सपाट टेबल, आणि मागून पुढं आलेले दोन हात, एक टेबलाच्या वर, एक खाली. त्या दोन हातांच्या बोटांमध्ये पातं ताणायचं. शहागंजातल्या दुकानाचे मालक नईमभाई मोठ्या हौसेनं समजावत होते. सत्यम रिक्षा बघायला बाहेर गेला होता.

"चाचा, इसका पूरा खेल खिंचाव का है. पातं चढवा, ये पेच कसो, फिर उंगलीसे छेडके सुनो. सतारके माफिक बजना. ढीला रह्या तो भटकता, जास्ती कस्या तो टूटता. सुनो." त्यांनी पातं छेडलं.

सांडूला नईमभाईंचं बोट हललेलं दिसलं. बाकी काही नाही.

"समझे क्या?"

"जन्म गेला करवतीत माझा," सांडू म्हणाला. "मला काय समजावता?"

नईमभाई हसले आणि त्यांनी खोका बांधून दिला.

खिडकीजवळ, द्वारकाबाईच्या पलंगाला लागून, सांडूनं मशीन बसवली. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पातं चढवलं आणि लाकडी चौकटीच्या करवतीला द्यायचा तसा ताण दिला. पेच फिरेनासा होईपर्यंत कसला. बटण दाबलं. फळी लावली. पातं तुटलं. दुसरं चढवलं, तेही तुटलं. मग त्यानं पेच सैल ठेवला, तर पातं नव्या सुनेसारखं वाटेल तिकडं अंग चोरायला लागलं. सरळ रेघेवर धरलेली फळी वाकडी कापली गेली.

"मशीनच खराब दिली त्या लेकाच्यानं," तो म्हणाला.

द्वारकाबाई उशीला टेकून हे सगळं बघत होती. "आवं, पातं वाजवून बघा की. गावाकडं बघायचे तसं."

"बघितलं."

"सरका जरा. मी बघते." ती सरकून पलंगाच्या कडेला आली. पात्याजवळ बोट नेलं. "आयकलं का?"

"व्हय."

"कसं वाजलं?"

"बरं वाजलं. थोडं कमी हाय."

द्वारकाबाईनं त्याच्याकडं बघितलं. हसू तिच्या तोंडावर आलं आणि तिथंच मोडलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "मी वाजवलंच नाय. बोट नुसतं धरलं व्हतं."

बैठकीवरचा लाकडाचा भुसा सांडूनं तळहातानं एका जागी गोळा केला, मग परत पसरला.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"ठाव नाय."

"माझी काकणं तरी येतेत का आयकू?"

"तू काकणं भरती व्हय अजून?"

तिनं पदराखालून हात बाहेर काढला. हात वाळून काठी झाला होता, आणि त्या काठीवर कोपरापर्यंत घसरणारा हिरवा चुडा होता. सांडूला इतके दिवस वाटायचं की शहरात आल्यापासून हिनं काचेची काकणं सोडली. तिनं हात हलवला. काकणं एकमेकांवर आपटताना त्याला दिसली.

"बरं झालं," ती म्हणाली, "माझी भांडणं बी अर्धीच आयकली आसतील तुमी."

"तुझा आवाज जाडा हाय. ती समदी आयकली."

त्या दिवशी दोघं पहिल्यांदा त्या मशीनवर एकत्र बसले. ती आडवी, तो स्टुलावर. तो पातं छेडायचा आणि तिच्या हाताकडं बघायचा. बोट वर झालं की कसायचं, खाली झालं की सोडायचं, तळहात सपाट झाला की थांबायचं. तिच्या कानाला नेमका सूर ठाऊक होता. नईमभाईंच्या सतारीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. गावच्या घरात जन्मभर ऐकलेला सूर तिच्याकडं होता. तळहात सपाट झाला, सांडूनं बटण दाबलं, आणि पातं लोण्यातून गेल्यासारखं फळीतून गेलं.

फुलं तिनंच काढून दिली होती, पेन्सिलीनं, रांगोळी काढायच्या सवयीनं, हात न उचलता. रुईची फुलं. सांडू म्हणाला होता, देव्हाऱ्याला कमळ काढतात. ती म्हणाली, "दुष्काळात कमळ कुठं व्हतं? जाई गेली, झेंडू गेला. रुई तेवढी तग धरून व्हती. देवानं तीच घातली डोक्यावर. आता देव्हाऱ्याला बी तीच."

पण फुलाच्या एका अंगाची कड फाटत होती आणि लाकूड काळं पडत होतं. ताण बरोबर, सूर बरोबर, तरी काप रुंद. सांडू वरून बघून बघून थकला. द्वारकाबाईचं डोकं उशीवर, टेबलाच्या उंचीला होतं. तिला आडवं दिसत होतं.

"वरचा हात फुडं येतोय," ती म्हणाली. "नुसता वर-खाली नाय व्हत. बैलावानी मान टाकतोय."

सांडूनं गुण्या आणला, काटकोन बघायचा तो लोखंडी कोन, आणि पात्याला लावला. हातानं मशीन हळूहळू फिरवली. पातं वर असताना गुण्याला टेकत होतं, खाली जाताना त्यापासून हटत होतं. वरचा हात मागच्या बाजूनं चढला होता, खालच्याशी जुळत नव्हता. खोक्यातून काढताना तो सरकला असावा. सांडूनं मागची चाकी फिरवून त्याला खाली घेतलं, परत गुण्या लावला, परत फिरवली. शेवटी पातं गुण्याच्या कडेवरून मुंगीसारखं सरळ उतरलं.

"दोन्ही हात एका वळीत पायजेत," तो म्हणाला. "एकानं मान टाकली की पातं मधी मरतं."

"हे मशिनीचं सांगता का आपलं?"

"मशिनीचं. आपल्यात मान मी कधी टाकली?"

"तुमीच टाकली. दुकानात. आयकू न येता समजलं म्हणून. तुमीच सांगितलं की मला."

तो हसला. ती पण हसली आणि मग पोट धरून बराच वेळ डोळे मिटून पडली.

असं काम चाललं. एक बाजू झाली, दुसरी झाली. डावं दार झालं. टँकरच्या रांगेत उभ्या बाया येता-जाता खिडकीतून डोकवायच्या आणि म्हणायच्या, "द्वारकाबाई, देव कवा येणार ऱ्हायला?" ती म्हणायची, "उजवं दार ऱ्हायलंय. दार लागल्याबिगर कोण येतं ऱ्हायला?" तिला एवढंच हवं होतं, की एकदा आपल्या हातानं त्यांना आत बसवावं. सांडूलाही तेवढंच हवं होतं, की तिनं बसवलेलं आपण बघावं. हे दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

रोज काम संपलं की सांडू पात्याचा ताण सोडून ठेवायचा. सुताराच्या घरात करवत ताणून निजवत नाहीत. पातं रात्रभर ताणावर राहिलं की त्याचा जीव जातो, असं त्याच्या बापानं सांगितलेलं, त्याच्या बापाला त्याच्या बापानं. दुसऱ्या सकाळी पुन्हा छेडायचं, पुन्हा तिचं बोट. सत्यमनं एकदा म्हटलंही, "नाना, ऱ्हाऊ द्या की तसंच. कशाला रोज मायला तरास?"

"थकलेल्याला सोडावं लागतं रे," सांडू म्हणाला.

उजव्या दाराची दोन फुलं उरली असताना अमावास्या आली. आदल्या संध्याकाळी सांडूनं नेहमीसारखा पेच सैल केला, हत्यारं पुसली आणि कापडाखाली ठेवली. अमावास्येला सुतार हत्याराला हात लावत नाही.

सकाळी द्वारकाबाईनं त्याला जवळ बोलावलं. तिचा आवाज त्या दिवशी बारीक झाला होता. त्याला ओठ बघून समजून घ्यावं लागलं.

"आज बसा की मशिनीवर. मी आयकते."

"आज आवस हाय."

"ठाव हाय मला. तरी म्हणते."

"आगं, बापजाद्यानं कधी आवसंला हत्यार उचललं नाय. देवाचंच काम, आन् आवसंला?"

"मशीन काय सुताराच्या जातीची हाय का? तिला वीज लागती. वीज आवस पाळती का?"

सत्यम दारात बूट घालत होता. "करा की नाना," तो म्हणाला. "दोन तर फुलं हायेत."

सांडूनं मान हलवली. "उद्या. उद्या उजाडताच बसतो. दुपारपर्यंत दार लागतं बघ." त्याला खरंच तसं वाटत होतं. देवाच्या कामात खोट राहू नये, तिच्या हातून बसणारे देव शुभ दिवशी बसावेत, एवढाच त्याचा हट्ट होता. द्वारकाबाईनं मग जोर केला नाही. दिवसभर ती कापडाखालच्या मशीनकडं बघत पडून राहिली. सांडूही तिच्याजवळच बसून होता. दोघांनाही काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सांडूनं कापड काढलं. पातं चढवलं, पेच थोडा कसला, छेडलं आणि तिच्या हाताकडं बघितलं.

बोट हललं नाही. डोळे उघडे होते, श्वास चालू होता. "द्वारके," त्यानं हाक मारली. तिनं बुबुळ त्याच्याकडं फिरवलं, पण ओठ हलले नाहीत.

त्यानं पेच अजून कसला. पातं छेडलं. बोटाकडं बघितलं. अजून थोडा. छेडलं. बघितलं. मग सैल केला, आणि छेडून बघितलं. सत्यम येऊन त्याच्या खांद्याला धरून काही बोलत होता, पण सांडूची नजर चादरीवरच्या त्या हातावरून हलली नाही. एकदा बोट हललं. वर हललं की खाली, हे त्याला कळलं नाही. ते ताणासाठी हललं की दुखण्यानं, हेही कळलं नाही. "कसू का सोडू?" त्यानं विचारलं. "आगं, कसू का सोडू?"

ऊन खिडकीतून सरकून टेबलावर आलं, तेव्हा ती गेली.

सांडूची बहीण पारूबाई गावाकडून आली. अहेव मरण, म्हणून बायांनी हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. नवा चुडा भरताना सांडू दारात उभा होता. बाया रडताना त्याला दिसत होत्या.

तेराव्याच्या सुमाराला पारूबाईनं सोनाराकडून टाक करून आणला, चांदीचा बारका पत्रा, त्यावर बाईची मूर्ती उठवलेली. अहेव गेलेल्या बाईचा टाक देवांत बसवतात. "दादा, टाक काय पिठाच्या डब्याशेजारी ठेवायचा का?" ती म्हणाली. सत्यम म्हणाला, "नाना, उजवं दार मी शहरातून कापून आणतो. कॉम्प्युटरची मशीन हाय. डाव्या दारासारखंच हुबेहूब निघंल."

"नको," सांडू म्हणाला.

तो स्टुलावर बसला. पातं चढवलं. छेडलं नाही. बोटानं बाजूनं दाबून बघितलं, किती लवतं ते बघितलं आणि अंदाजानं पेच कसला. पहिलं पातं तुटलं. दुसऱ्याला त्यानं कमी ताण दिला. ते तुटलं नाही, पण तिच्या रेघेवर राहिलं नाही. पाकळीच्या पोटात शिरलं, मग बाहेर आलं, मग पुन्हा शिरलं. सांडूनं थांबून पेच फिरवला, परत कापलं. दोन्ही फुलं कापून झाली. एकाची पाकळी चपटी, दुसऱ्याची एका अंगाला फुगलेली, आणि फुलांजवळची दाराची कडही पात्यानं आत घेतलेली.

देव्हारा उभा राहिला. पारूबाईनं लाल कापड सोडलं. आतून खंडोबा निघाला, देवी निघाली, बाळकृष्ण, महादेवाची पिंड, सांडूच्या आई-बापाचे टाक. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की कोण कुठं बसतो, हे कुणालाच ठाऊक नाही. पूजा तिच्याकडं होती. सांडू रोज आंघोळ करून फक्त हात जोडत आला होता.

"खंडोबा मधी," पारूबाई म्हणाली. "देवी उजवीकडं. नाय, का डावीकडं?"

"मायला इचारायचं राहिलं," सत्यम म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

जमेल तसे देव बसवले. नवा टाक सांडूनं स्वतः ठेवला, सगळ्यांच्या पुढं, दारापाशी. मग त्यानं दारं लावायला घेतली. पारूबाईनं उजव्या दाराकडं निरखून बघितलं.

"दादा, ही फुलं वाकडी झालीत. आल्या-गेल्याला दिसतेत. दार उलटं लाव, फिरवून. खाली बिजागरीच्या कोपऱ्यात जातील."

"ऱ्हाऊ दे."

"आरं, इतकं सुबक काम, आन् पुढ्यातच—"

"पारू, ती फुलं तिच्याबिगर कापलीत," सांडू म्हणाला. "तिच्याबिगर कापल्यावानीच दिसू दे."

त्यानं बिजागरीचा शेवटचा खिळा बसवला आणि दार पुढं ओढलं. ते डाव्या दाराशी जुळलं नाही. मध्ये बोटभर फट राहिली.